परिमाणव्रत आणि खर्चाचा इशारा

क्लाऊड संगणनाचा खर्च आटोक्यात राहावा म्हणून जे बजेट आखले जाते आणि त्या बजेटच्या ठरावीक टप्प्यांवर जो अलर्ट, म्हणजे इशारा, लावून ठेवला जातो, तो वरकरणी हिशेबखात्याच्या कामाचा भाग वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी एक जुना आणि अवघड तत्त्वप्रश्न आहे. जी मर्यादा ओलांडताना कोणी अडवत नाही, फक्त ती ओलांडली जात आहे एवढेच कळवले जाते, तिला मर्यादा म्हणावे काय? मनुष्याने आपल्या उपभोगाला आपणच घातलेल्या बांधाचे बळ अडवण्यात असते, जागे करण्यात असते, की तो वेळेआधी घातलेला असण्यातच असते? भारतीय परंपरांमध्ये या प्रश्नाचा सर्वांत बारकाईने विचार जैन श्रावकाचाराने केला आहे. श्रावकाचार म्हणजे संसारात राहणाऱ्या गृहस्थ अनुयायांचा आचारधर्म. सर्वत्याग हा त्याचा विषय नाही. मोजून घेतलेला भोग हा त्याचा विषय आहे, आणि म्हणून मोजमाप, मर्यादा, तिचा भंग, भंगाच्या पायऱ्या आणि भंग लपवण्याच्या युक्त्या यांची तेथे झालेली चर्चा आजच्या या अगदी ऐहिक साधनाच्या विचारालाही उपयोगी पडते.

प्रथम साधन समजून घेणे आवश्यक आहे. संगणनशक्ती ही एक दिवस सार्वजनिक सेवेसारखी, मीटरवर मोजून पुरवली जाईल, ही कल्पना जॉन मॅकार्थी यांनी 1961 मध्ये एमआयटीच्या शताब्दीनिमित्त दिलेल्या व्याख्यानात मांडली होती, आणि 2006 मध्ये अमेझॉनने माहितीची साठवण व संगणकयंत्रे भाड्याने देण्यास सुरुवात केली तेव्हापासून ती व्यवहारात रूढ झाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने 2011 मध्ये क्लाऊडची जी व्याख्या प्रसिद्ध केली, तिच्यात सांगितलेल्या पाच लक्षणांपैकी तीन येथे महत्त्वाची आहेत: ग्राहकाला कोणाचीही परवानगी न मागता हवी ती सेवा तत्क्षणी घेता येणे, मागणीनुसार तिचा विस्तार झपाट्याने होणे आणि प्रत्येक वापराचे मोजमाप होणे. ही तीन लक्षणे एकत्र आली की एक वेगळीच परिस्थिती निर्माण होते. पूर्वी नवे यंत्र घ्यायचे तर मागणीपत्र, मंजुरी, खरेदी आणि जागेची व्यवस्था या पायऱ्या चढाव्या लागत, आणि त्या प्रत्येक पायरीवर कोणीतरी 'हे खरोखर हवे आहे काय' असे विचारत असे. क्लाऊडने त्या पायऱ्या काढून टाकल्या आणि त्यांबरोबर तो प्रश्नही गेला. मोजमाप मात्र कमालीचे सूक्ष्म झाले, इतके की 2017 पासून अमेझॉनच्या अनेक यंत्रांचे भाडे सेकंदावर आकारले जाते. पण मोजलेले बिल हाती येते ते महिना सरल्यावर. भोगाचा क्षण आणि त्याचे मूल्य कळण्याचा क्षण यांच्यात पडलेले हे अंतर भरून काढण्यासाठी खर्चाचा इशारा आला. खातेदार महिन्याची एक रक्कम ठरवतो, त्या रकमेचे काही टक्के टप्पे म्हणून नेमतो, आणि खर्च त्या टप्प्याला पोहोचला की नेमलेल्या पत्त्यांवर ईमेल जातो. अमेझॉन, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट या तिन्ही प्रमुख पुरवठादारांच्या व्यवस्थेत बजेट आखल्याने वापर आपोआप थांबत नाही. बजेट संपते, यंत्रे चालू राहतात.

या परिस्थितीचा विचार करताना पाश्चात्त्य तत्त्वज्ञानातील एक संकल्पना लगेच डोळ्यांसमोर येते. योग्य काय ते कळूनही मनुष्य अयोग्य का करतो, या प्रश्नावर सॉक्रेटिसने असे घडूच शकत नाही, अज्ञान हेच अयोग्य कृतीचे कारण, अशी भूमिका घेतली, तर ॲरिस्टॉटलने निकोमाखीय नीतिशास्त्राच्या सातव्या भागात ज्ञान असूनही वासनेपुढे दुबळे पडणाऱ्या मनाचे विश्लेषण केले. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुनही जवळजवळ हाच प्रश्न विचारतो, आणि त्याला काम व क्रोध हे उत्तर मिळते. परंतु क्लाऊडवरील वाया गेलेल्या खर्चाला हे विश्लेषण पुरते लागू पडत नाही, कारण तेथे बहुधा कोणालाच काही अनिवार हवेसे वाटत नसते. शुक्रवारी चाचणीसाठी सुरू केलेले यंत्र सोमवारपर्यंत चालू राहते, ते कोणाच्या मोहामुळे नव्हे. ते चालू आहे हे कोणाच्या ध्यानातच नसते. येथे वासनेपेक्षा निराळ्या कारणांचा शोध घ्यावा लागतो, आणि तो जैन विचारात आधीच घेतलेला सापडतो. तत्त्वार्थसूत्राच्या आठव्या अध्यायाच्या आरंभी उमास्वाती, ज्यांना दिगंबर परंपरा उमास्वामी म्हणते, कर्मबंधाची पाच कारणे सांगतात: मिथ्यादर्शन, अविरती, प्रमाद, कषाय आणि योग. लोभ हा कषायांपैकी, म्हणजे मनाच्या विकारांपैकी, एक. पण कषायाच्या लगेच आधी दोन स्वतंत्र कारणे येतात. अविरती म्हणजे कोणत्याही मर्यादेने स्वतःला न बांधणे, आणि प्रमाद म्हणजे बेसावधपणा. लोभ नसतानाही मनुष्य या दोहोंमुळे बांधला जातो, हा या मांडणीचा अत्यंत महत्त्वाचा विशेष आहे.

अविरतीची कल्पना सामान्य नीतिविचाराला चटकन पटत नाही. ज्याने काही गैर केलेच नाही, त्याने केवळ 'मी करणार नाही' असे ठरवले नाही म्हणून तो दोषी कसा, असा आक्षेप सहज सुचतो. भगवतीसूत्र या जैन आगमग्रंथात याचे उत्तर ज्या रीतीने येते ती लक्षणीय आहे. श्रीमंत श्रेष्ठी, दरिद्री, कृपण आणि राजा या सर्वांना अप्रत्याख्यानक्रिया, म्हणजे त्याग न केल्याने लागणारी क्रिया, सारखीच लागते असे तेथे म्हटले आहे. दरिद्री माणूस राजाइतका भोग घेऊ शकत नाही हे उघड असूनही ती सारखीच, कारण येथे मोजला जातो तो झालेला भोग नव्हे. मोकळी ठेवलेली शक्यता मोजली जाते. ज्या दिशेला कुंपण घातलेले नाही त्या दिशेला मन पसरलेलेच असते, पाऊल पडो वा न पडो. क्लाऊडचे नवे खाते उघडले जाते तेव्हाची त्याची स्थिती ही शब्दशः अविरतीची स्थिती असते. नेहमीच्या, वापरानुसार बिल येणाऱ्या खात्याला रुपयांची कमाल मर्यादा नसते. यंत्रांच्या संख्येवर पुरवठादाराने ठेवलेल्या काही तांत्रिक मर्यादा असतात, पण त्या खातेदाराच्या ऐपतीकडे पाहून ठरवलेल्या नसतात. पहिल्या महिन्यात दोनशे रुपयांचे बिल आले म्हणून विद्यार्थ्याचे खाते निर्धोक आणि मोठ्या उद्योगाचे खाते जोखमीचे असे म्हणता येत नाही, कारण दोन्ही खात्यांची दारे सारख्याच प्रमाणात उघडी असतात. बजेट आखणे हे इशारा मिळवण्याचे साधन तर आहेच, पण त्याआधी ते स्वतः एक कृत्य आहे. 'याहून अधिक हे माझे नव्हे' असे शांत मनाने, गरज आणि मोह दोन्ही दूर असताना ठरवणे हा त्याचा गाभा आहे. इशाऱ्याचा ईमेल कधी आलाच नाही तरी हे कृत्य घडलेले असते. ज्या खात्यावर बजेट नाही आणि ज्या खात्यावर बजेट आहे पण ते कधी ओलांडले गेले नाही, त्या दोहोंचे बिल एकच असू शकते. त्यांची नैतिक स्थिती एक नसते.

ही मर्यादा किती असावी, याविषयी उपासकदशा या जैन आगमांच्या सातव्या अंगग्रंथातील आनंद नावाच्या गृहस्थाची कथा मार्गदर्शक आहे. वाणिज्यग्रामचा हा धनाढ्य व्यापारी महावीरांसमोर श्रावकाची व्रते घेतो, तेव्हा परिग्रहपरिमाणाचे, म्हणजे मालमत्तेला माप घालण्याचे व्रतही घेतो. त्याच्याजवळ चार कोटी सुवर्णमुद्रा खजिन्यात, चार कोटी व्यापारात आणि चार कोटी घरसंसारात गुंतलेल्या, शिवाय दहा-दहा हजार गाईंचे चार कळप. आणि तो जी मर्यादा घालतो तीही नेमकी तेवढीच. पाचशे नांगर, पाचशे गाड्या प्रवासाच्या आणि पाचशे मालवाहतुकीच्या. त्यापुढे मात्र त्याचा तपशील आश्चर्य वाटावे इतका बारीक होतो: अंग पुसायचे वस्त्र कोणते, दात घासायची काडी ओल्या ज्येष्ठमधाचीच, अंगाला लावायचे तेल कोणते, स्नानाला पाण्याचे घडे आठच. आजचा वाचक प्रथम थबकतो तो मोठ्या आकड्यांपाशी, कारण आहे तेवढ्यालाच मर्यादा म्हणणे ही पळवाट वाटते. परंतु आनंदाने त्या दिवशी जे सोडले ते जवळ असलेले धन नव्हते, अद्याप न आलेले धन होते. व्यापाऱ्याच्या मनात तर तेच अधिक मोठे असते. गेल्या महिन्याच्या बिलाइतकेच बजेट पुढच्या महिन्यासाठी आखणारी संस्था हेच करत असते, आणि सुरुवात म्हणून त्यात कमीपणा काही नाही. मात्र श्रावकाचार तेथे थांबत नाही. जन्मभरासाठी घातलेल्या मोठ्या मर्यादेच्या आत देशावकाशिक नावाचे व्रत येते, ज्यात ती मर्यादा एका दिवसापुरती किंवा काही घटकांपुरती आणखी आवळली जाते. आणि श्वेतांबर परंपरेत चौदा नियम धारण करण्याची प्रथा आहे, ज्यात गृहस्थ सकाळी त्या दिवसाचे अन्नपदार्थ, वाहने, वस्त्रे, आसने अशा गोष्टींची संख्या ठरवतो आणि संध्याकाळी तिचा आढावा घेतो. महाराष्ट्रातील अनेक जैन कुटुंबांत ही प्रथा आजही पाळली जाते. महिन्याच्या एका मोठ्या बजेटवर समाधान मानणाऱ्या संस्थेने या रचनेकडे लक्ष द्यावे असे आहे, कारण महिन्याचा आकडा विसाव्या दिवसापर्यंत कोणालाच बोचत नाही, तर दिवसाचा आकडा त्याच संध्याकाळी बोलतो.

येथे एक गंभीर आक्षेप टाळून पुढे जाता येणार नाही. श्रावकाचे व्रत आत्म्याच्या कर्मबंधाशी निगडित आहे; कंपनीला आत्मा नाही, आणि तिचा काटकसरीचा हेतू बहुधा नफा वाढवण्याचा, म्हणजे शास्त्राच्या भाषेत लोभाचाच असतो. एका जागी वाचवलेला पैसा दुसऱ्या जागी अधिक उपभोगासाठी वापरायचा असेल तर त्याला अपरिग्रह म्हणणे हा त्या शब्दाचा अवमान आहे, हे मान्य करावेच लागते. तरीही खर्चाची मर्यादा कागदावर कंपनीची असली, तरी ती घालणारे, ओलांडणारे आणि ओलांडली गेल्याचे कळूनही गप्प बसणारे मन कोणा एका माणसाचेच असते. व्रतविचार लागू होतो तो त्या माणसाला, आणि या लेखातील साम्याची व्याप्ती तेवढीच आहे.

मर्यादाभंगाच्या पायऱ्यांची चर्चा हा या परंपरेचा सर्वांत समृद्ध भाग होय. व्रत एका क्षणात मोडत नाही. ते चार अवस्थांतून मोडत जाते, असे मानून त्या अवस्थांना अतिक्रम, व्यतिक्रम, अतिचार आणि अनाचार अशी नावे दिलेली आहेत. दिगंबर आचार्य अमितगती यांनी सामायिकपाठ म्हणून प्रसिद्ध असलेल्या आपल्या बत्तीस श्लोकांच्या रचनेत त्यांचे लक्षण सांगितले आहे: मनाच्या शुद्धीला धक्का लागणे हा अतिक्रम, शीलाचे कुंपण ओलांडणे हा व्यतिक्रम, विषयात प्रवृत्त होणे हा अतिचार आणि त्यात अतिशय आसक्त होऊन राहणे हा अनाचार. श्वेतांबर ग्रंथांत हेच एका प्रत्यक्ष उदाहरणाने समजावले जाते. साधूसाठी मुद्दाम शिजवलेले अन्न साधूला वर्ज्य असते. असे अन्न घेण्याचे निमंत्रण त्याने ऐकून स्वीकारले तर अतिक्रम, त्यासाठी पाऊल उचलले तर व्यतिक्रम, अन्न पात्रात घेतले तर अतिचार आणि गिळले तर अनाचार. निमंत्रणाला दिलेला होकार आणि घशाखाली उतरलेला घास यांच्यामध्ये परतण्याच्या तीन जागा आहेत, हे या उदाहरणातून ठसते, आणि प्रत्येक जागेवरून परतण्याचे प्रायश्चित्त वेगळे, वाढत्या भाराचे असते.

खर्चाच्या इशाऱ्याचे टप्पे याच जाणिवेतून आले आहेत असे म्हणणे इतिहासदृष्ट्या खरे ठरणार नाही, पण त्यांची गरज ज्या कारणाने भासली ते कारण एकच आहे. गूगलच्या व्यवस्थेत नवे बजेट आखताना पन्नास, नव्वद आणि शंभर टक्के हे टप्पे आधीच भरलेले असतात. शंभर टक्क्यांवर एकच इशारा ठेवणारा खातेदार स्वतःला फक्त अनाचाराची वार्ता पोहोचेल अशी तजवीज करतो. परतण्याच्या तीनही जागा तो स्वतःच्या हाताने बुजवतो. दुसरीकडे, टप्पे कितीही असले तरी साधूच्या उदाहरणातील पहिली पायरी इशाऱ्याला गाठता येत नाही, हा भेद नजरेआड करता कामा नये. साधूच्या मनात होकार उमटतो त्याच क्षणी तो त्याला कळू शकतो. इशारा मात्र बिलाच्या नोंदींवर अवलंबून असतो आणि त्या नोंदी मागे असतात: अमेझॉनच्या बजेटची माहिती दिवसातून जास्तीत जास्त तीन वेळा, साधारणपणे आठ ते बारा तासांच्या अंतराने ताजी होते, आणि मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेत बजेटची तपासणी चोवीस तासांनी होते. म्हणजे घास गिळला गेल्यानंतर, कित्येकदा पचल्यानंतर, घंटा वाजते. ही उणीव भरून काढण्यासाठी अंदाजावर आधारित इशाऱ्याची सोय केलेली असते. चालू महिन्याचा कल पाहून महिनाअखेरचा खर्च मर्यादा ओलांडेल असे दिसले की तो आधीच सूचना देतो. परंतु त्याला अतिक्रमाचा पहारेकरी मानणे चुकीचे आहे. तो मनातील होकार पाहत नाही, मागील सवय पाहतो. अमेझॉनच्या व्यवस्थेत तर असा अंदाज बांधण्यासाठी सुमारे पाच आठवड्यांच्या वापराची नोंद हाती असावी लागते. जे आजवर कधीच घडले नाही ते उद्या घडणार असेल तर अंदाज मूक राहतो, आणि नेमके तेच बहुधा सर्वाधिक महाग असते.

असे कधी न घडलेले कसे घडते, याचे एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. एखाद्या संकेतस्थळावर लोक छायाचित्रे पाठवतात. ती साठवणीच्या एका कप्प्यात येऊन पडली की एक छोटा प्रोग्रॅम आपोआप जागा होतो, छायाचित्राची लहान प्रत तयार करतो आणि साठवून ठेवतो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ती प्रत दुसऱ्या कप्प्यात न ठेवता त्याच कप्प्यात ठेवली, तर नवी फाईल आली असे समजून प्रोग्रॅम पुन्हा जागा होतो, लहान प्रतीची आणखी एक लहान प्रत करतो, ती त्याच कप्प्यात ठेवतो, आणि व्यवस्थेने ते ओळखून थांबवले नाही, तर हे चक्र कोणी तोडेपर्यंत फिरत राहते. प्रत्येक फेरीचा खर्च पैशाच्या बारीकशा अंशाइतका असतो. फेऱ्या मात्र अहोरात्र, आणि मागणीनुसार विस्तारण्याच्या गुणामुळे अनेक पदरी चालू असतात. येथे लोभ कोणाचा? प्रोग्रॅमला इच्छा नाही, लिहिणारा झोपलेला आहे, छायाचित्र पाठवणाऱ्याला यातले काहीच ठाऊक नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात हिंसेची व्याख्या करताना प्रमत्तयोगाने, म्हणजे बेसावध प्रवृत्तीने, झालेला प्राणघात अशी केली आहे. मारण्याच्या इच्छेऐवजी बेसावधपणाला त्या व्याख्येत स्थान मिळाले, याचे महत्त्व अशा उदाहरणातून कळते. कप्प्याचे नाव लिहिताना जी दक्षता हवी होती ती नव्हती, आणि मर्यादा नसलेल्या व्यवस्थेत बेसावधपणाचे फळ किती मोठे असेल हे बेसावधपणाच्या आकारावर अवलंबून राहत नाही. म्हणून इशारा हे प्रमादावरचे औषध आहे. लोभावर त्याचा इलाज चालत नाही, कारण लोभी मनाला इशारा मिळतो तेव्हा ते मर्यादाच वाढवून घेते. प्रमादावरही हे औषध अतिमात्रेत दिले तर निष्फळ होते. क्षुल्लक कारणासाठी दररोज दहा इशारे पाठवणाऱ्या खात्यात अकरावा कोणी उघडत नाही, आणि जागे करण्यासाठी नेमलेली गोष्ट झोपेचाच भाग होऊन बसते.

मर्यादा शाबूत ठेवून तिचा अर्थ पोकळ करण्याच्या वाटाही जुन्या आचार्यांनी ओळखल्या होत्या. बाराव्या शतकात राजा कुमारपालासाठी लिहिलेल्या योगशास्त्रात हेमचंद्राचार्य परिग्रहपरिमाणाच्या पाच अतिचारांचे जे स्वरूप सांगतात, त्यात मानवी मनाची फार खोल पारख आहे. दोनच शेते ठेवण्याचे व्रत असलेला गृहस्थ शेजारचे शेत विकत घेतो आणि मधला बांध काढून टाकतो, म्हणजे संख्या दोनच राहते. मर्यादेबाहेरचे सोने व्रताची मुदत संपेपर्यंत दुसऱ्याकडे ठेवायला देतो. भांड्यांची संख्या ठरलेली असेल तर दोन वितळवून एक मोठे करून घेतो. गुरांची संख्या ठरलेली असेल तर गाई अशा बेताने गाभण होऊ देतो की वासरे मुदतीनंतर जन्मतील. हा व्रतभंग नव्हे असे त्या गृहस्थाला मनापासून वाटत असते, आणि म्हणूनच आचार्य त्याला अनाचार न म्हणता अतिचार म्हणतात. क्लाऊडवर वावरणाऱ्यांना या युक्त्या अपरिचित वाटणार नाहीत. यंत्रांची संख्या मर्यादित असेल तर एकच पण आठपट मोठे यंत्र घेतले जाते. एका प्रकल्पाचा खर्च दुसऱ्या खात्यावर टाकून दोन्ही खाती आपापल्या टप्प्याखाली ठेवली जातात. मोठी साठवण महिना उलटल्यावर सुरू केली जाते. इशाऱ्याला आकडा दिसतो, बांध काढलेला दिसत नाही. तो दिसतो फक्त बांध काढणाऱ्याला.

मग इशाऱ्यावर न थांबता खर्च मर्यादेला पोहोचताच सर्व काही आपोआप बंद का करू नये? अशी सोय अगदीच नाही असे नाही. अमेझॉनने 2020 पासून बजेटला कृतीची जोड दिली आहे, ज्यायोगे मर्यादा ओलांडली जाताच ठरावीक यंत्रे थांबवता येतात किंवा नवी सुरू करण्याचा अधिकार काढून घेता येतो; मायक्रोसॉफ्टच्या मोफत जमा रकमेवर चालणाऱ्या खात्यांत रक्कम संपताच सेवा बंद होतात; आणि गूगलच्या व्यवस्थेत इशाऱ्याचा संदेश एखाद्या प्रोग्रॅमकडे वळवून प्रकल्पाचे बिलखातेच तोडता येते. पण तेथेच गूगलचा स्वतःचा खबरदारीचा मजकूर असा आहे की बिलखाते तोडल्यास साधने कायमची नष्ट होऊ शकतात. रुग्णालयाच्या नोंदी, परीक्षेचे अर्ज, शेतमालाच्या लिलावाचे भाव ज्या यंत्रांवर चालतात ती यंत्रे महिन्याच्या सत्ताविसाव्या दिवशी केवळ आकडा ओलांडला म्हणून बंद पडली, तर मर्यादा पाळल्याचे समाधान एकाला आणि हानी मात्र त्या मर्यादेशी काहीही संबंध नसलेल्या शेकडोंना. जैन आचारात गृहस्थाच्या पाच अणुव्रतांची, म्हणजे लहान व्रतांची, गणना अहिंसेपासून सुरू होते आणि परिग्रहपरिमाण शेवटी येते; हा क्रम येथे मार्ग दाखवतो. आपल्या परिमाणाच्या रक्षणासाठी दुसऱ्याचा आधार तोडणे धर्म्य ठरत नाही. ज्या यंत्रावर इतरांचे काही अवलंबून नाही, जसे चाचणीचे, सरावाचे किंवा रात्री कोणी न वापरणारे, तेथे आपोआप बंद करण्याची कठोरता योग्य आहे. जेथे अवलंबून आहे तेथे इशाराच ठेवावा आणि त्याला उत्तर देण्याचे ओझे माणसाने वाहावे. न अडवणारी मर्यादा ही दुबळी मर्यादा नसून, काही ठिकाणी तीच एकमेव अहिंसक मर्यादा आहे, असा निष्कर्ष यातून निघतो.

रुपयांतील मर्यादेने आणखी एक गोष्ट झाकली जाते. श्रावकाच्या गुणव्रतांत, म्हणजे अणुव्रतांना पूरक व्रतांत, अनर्थदंडविरमण नावाचे व्रत आहे. अनर्थदंड म्हणजे कोणत्याही प्रयोजनाविना केलेली हिंसा. समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात त्याच्या एका प्रकाराला प्रमादचर्या म्हटले असून, विनाकारण जमीन उकरणे, पाणी सांडणे, आग पेटवणे, वारा घालणे, वनस्पती तोडणे यांचा समावेश तिच्यात केला आहे. यातील कशाचेही बिल येत नाही, आणि ग्रंथकाराला बिलाशी कर्तव्यही नाही. क्लाऊडवर खासगी जाळ्यातील यंत्रांना बाहेरच्या इंटरनेटशी बोलू देणारे नॅट गेटवे नावाचे एक दार असते. अमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातील केंद्रात ते केवळ उभे ठेवण्याचे भाडे ताशी 0.045 डॉलर, म्हणजे एकही यंत्र त्यातून बोलले नाही तरी महिन्याला सुमारे 33 डॉलर होते. हजारो डॉलरचे बजेट असलेल्या खात्यात हा आकडा कोणत्याही टप्प्याला धक्का लावत नाही, म्हणून असे दार, कोणत्याही यंत्राला न जोडलेली साठवण, कोणी न उघडणारा डेटाबेस वर्षानुवर्षे चालू राहू शकतो. त्यामागे मात्र कोठेतरी, उत्तर व्हर्जिनियात किंवा मुंबई-पुण्याच्या केंद्रांत, यंत्रे तापत असतात आणि त्यांना थंड ठेवले जात असते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार 2024 मध्ये जगातील डेटा सेंटरांनी सुमारे 415 टेरावॅट-तास, म्हणजे जगाच्या वीजवापराच्या दीड टक्क्याच्या आसपास वीज वापरली. त्यातील जी वीज प्रयोजनाविना जळाली तिचा इशारा कोणालाही गेलेला नाही, कारण कोणाचेही बजेट तिने ओलांडले नव्हते. खर्चाचा इशारा ज्याने लावला त्याने परिमाणव्रत घेतले असे फार तर म्हणता येईल. अनर्थदंडाचे व्रत त्यात आपोआप येत नाही, त्यासाठी बजेटच्या आत राहिलेल्या यादीची एकेक ओळ वाचून 'हे कशासाठी' असे विचारणारा माणूस लागतो.

तो माणूस कोण, या प्रश्नाचे उत्तर इशारा लावतानाच द्यावे लागते. जैन आचारशास्त्र कृत्याचे तीन करण मानते: स्वतः करणे, दुसऱ्याकडून करवणे आणि केल्याला अनुमोदन देणे. साधू तिन्हींचा त्याग करतो. गृहस्थाचे व्रत सामान्यतः पहिल्या दोहोंपुरते असते, कारण संसारात आणि व्यापारात राहून अनुमोदनापासून पूर्णपणे सुटणे त्याला शक्य नसते असे ओळखूनच ही सवलत ठेवली आहे. संस्थेच्या क्लाऊड खात्यावर यंत्र सुरू करणारा अभियंता, ते सुरू करायला सांगणारा प्रकल्पप्रमुख आणि आलेले बिल न विचारता मंजूर करणारा वित्ताधिकारी हे या तीन करणांवर उभे असतात. प्रत्यक्षात इशारा बहुतेक वेळा तिसऱ्याकडे जातो, किंवा खाते उघडणाऱ्याच्या पत्त्यावर जातो, आणि तो माणूस कित्येकदा नोकरी सोडून गेलेला असतो. अमेझॉनच्या बजेटमध्ये एका इशाऱ्यासाठी दहा ईमेल पत्ते देता येतात. दहाही पत्ते भरले की प्रत्येकाला उरलेल्या नऊ जणांचा भरवसा वाटू लागतो. व्रत मात्र गुरूसमोर एका व्यक्तीने आपल्या नावाने घ्यायचे असते आणि त्याची आलोचना, म्हणजे भंगाची कबुली, त्याच व्यक्तीने द्यायची असते. त्या दहा रकान्यांत पहिला पत्ता यंत्र सुरू करणाऱ्याचा असावा, दुसरा ते करवणाऱ्याचा, आणि अनुमोदन देणाऱ्याचा त्यानंतर. शिवाय कोणत्या टप्प्यावर कोणी काय बंद करायचे हे बजेट आखण्याच्या दिवशीच, खर्च शून्य असताना, त्या तिघांनी मिळून लिहून ठेवलेले असावे, कारण नव्वद टक्क्यांचा ईमेल मध्यरात्री येतो तेव्हा वाचणाऱ्याच्या हाती बहुधा विचार करण्याइतका वेळ नसतो, फक्त आधी ठरलेले पाळण्याइतका असतो.